दोन तुकडे कमी

दाजी दारात आले तेव्हा आम्ही चौघं आभाळावर अडलो होतो.

खालचं सगळं लागलं होतं. तळं, तळ्यातली होडी, काठावरचं लाल छपराचं घर, मागचे बर्फाचे डोंगर. वर नुसतं निळं उरलं होतं, सत्तर-ऐंशी तुकड्यांचं, आणि त्यात औषधाला म्हणून एक ढग नव्हता. आण्णा चष्मा कपाळावर चढवून तुकड्यांच्या कडा बोटानं चाचपत होते. आई तांदूळ निवडावेत तसे तुकडे बाजूला सारत होती. मी आणि आक्का एकाच कोपऱ्यासाठी भांडत होतो.

"डाव्या हातानं काय चाचपडतीयास? उजवा सासरी ठेवून आलीस काय?" मी म्हणाले.

आक्का हसली. "विहिरीवर बादली लागलीया," म्हणाली.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी चपला काढल्याचा आवाज झाला. आक्कानं वर बघितलं नाही. तिचा डावा हात तुकडा घेऊन फळीवर तसाच थांबला.

"या, या, जावईबापू!" आण्णा लगबगीनं उठले.

दाजींच्या हातात गुळाची ढेप होती. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर हसू. "मार्केट यार्डात गूळ घालायला आलतो मामा. म्हटलं, जाताना हिला घेऊनच जावं."

त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. आक्का, म्हणजे शालन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. दाजींचं गाव गडहिंग्लजकडं. ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, मळ्यात घर आणि घरामागं विहीर. संक्रांत झाल्यावर सोमवारी आक्का एकटीच एसटीनं आली, निरोप नाही, पत्र नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, "आठवण आली." आण्णांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून नवीन चित्राचा डबा काढला आणि तिच्यापुढं ओतला.

या तुकड्यांना जिगसॉ म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या घरात त्यांना नुसतं 'तुकडे' म्हणायचे. आण्णा उद्यमनगरात एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होते. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची वस्तू करायची तर आधी तिचा लाकडी साचा लागतो, तो करणारे. आम्ही लहान असताना फौंड्रीच्या साहेबांनी त्यांच्या मुलीचा परदेशी खेळ दुरुस्तीला दिला. लाकडी तुकड्यांचं चित्र होतं आणि एक तुकडा कुत्र्यानं चावला होता. आण्णांनी अर्ध्या तासात दुसरा कापून, रंगवून असा बसवला की साहेबांच्या मुलीलासुद्धा तो ओळखता येईना. त्या दिवसापासून त्यांना नाद लागला. जुन्या कॅलेंडरांची चित्रं सरसानं प्लायवर चिकटवायची आणि केसासारख्या पात्याच्या करवतीनं तीनशे तुकडे करायचे. एका चित्राला महिना जायचा. मग आम्ही चौघं बसून ते लावायचो. गल्लीतली बाकीची घरं टीव्हीपुढं बसलेली असायची तेव्हा आम्ही फळीवर वाकलेले असायचो आणि आम्हाला त्याचा गर्व होता.

या खेळाचे दोन कायदे होते. पहिला असा की आण्णा डबा ओतताना एक तुकडा गुपचूप खिशात घालायचे. कुठला ते कुणाला कळायचं नाही. सगळं लागलं, एक भोक उरलं, की आम्ही तिघी त्यांच्याकडं बघायचो. मग ते जादूगारासारखा खिशातून हात काढायचे, तुकडा बसवायचे आणि "झालंऽ!" म्हणायचे. आई दर वेळी म्हणायची, "पोरकटपणा नुसता." आणि दर वेळी तीच सगळ्यात आधी त्यांच्या खिशाकडं बघायची.

दुसरा कायदा असा की चित्र पुरं झाल्याशिवाय घरातल्या कुणी गाव सोडायचं नाही. एकदा आण्णा अर्धवट चित्र टाकून कामासाठी पुण्याला गेले आणि पाहुणे आले म्हणून आईनं सगळं गोळा करून डब्यात भरलं. त्यावरून घरात चार दिवस अबोला होता. तेव्हापासून हा कायदा झाला. आई एकदा भावाच्या साखरपुड्याला एक दिवस उशिरा पोचली होती ती याच्यापायी.

दाजींना चहा दिल्यावर आण्णांनी हाच कायदा सांगितला. हसत हसत, पण सांगितला.

"आज गुरुवार. आभाळ तेवढं राहिलंय. एक-दोन दिवस घेईल. तोवर शालनला सोडता येत न्हाई बघा. घरचा कायदा हाय."

दाजीही हसले. "भारी हाय की कायदा. मग मीबी थांबतो. यार्डातली कामं पडलीतच." आणि ते आक्काच्या शेजारी येऊन बसले. तिचा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. "हात बरा हाय न्हवं?" म्हणाले आणि बोटं हलकी दाबली. आक्काचे ओठ एकदम पांढरे पडले. ती म्हणाली, "हाय बरा."

मला ते प्रेम वाटलं. मी फळीच्या पलीकडं बसले होते आणि मला वाटलं, आपला नवराही असाच विचारपूस करणारा असावा. रविवारी मला बघायला येणार होते, सांगलीचे, मुलगा हायस्कूलात मास्तर. त्याचा फोटो मी ट्रंकेत ठेवला होता आणि दिवसातून चार वेळा बघत होते.

दाजी यार्डात गेल्यावर आक्का आण्णांपुढं येऊन उभी राहिली. मी आणि आई तिथंच होतो.

"आण्णा, मला पाठवू नका."

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई. मी हितंच ऱ्हातो."

"मारतो काय तो?" आईनं विचारलं.

आक्कानं उजवा हात पदराखाली घेतला. आईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आण्णा करवतीच्या लाकडी मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग ते बोलले. ते शब्द मला अजून तसेच्या तसे येतात, कारण मी त्यांचा पुढं इतका राग केला.

"हे बघ शालन. बिड गार होताना आकसतं. म्हणून आम्ही साचा जरा मोठाच करतो. बाईचंबी सासरी तसंच असतंय. पयली दोन-चार वर्षं आकसावं लागतंय. मग बसतंय सगळं मापात."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. आण्णांनी मान खाली घातली आणि पुटपुटले, "आणि चित्र होईस्तोवर तर हाईस की तू. घाई कुणाला हाय."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली. पोळ्या करताना आईचा पोळपाट नेहमीसारखा डुगडुगत नव्हता. मी म्हणाले, "पोळपाट सुधारला की." आईनं परात उचलून मोरीत नेली. दुपारनंतर आभाळ भराभर भरलं. दाजीही लावू लागले. त्यांचे हात मोठे होते, तुकडा नाही बसला तर अंगठ्यानं दाबून बसवायला बघायचे आणि आण्णा "हळू, हळू" म्हणायचे. चार वाजता तुकडे संपले आणि फळीवर दोन भोकं उरली. एक होडीच्या टोकाला, एक आभाळात, अगदी मधोमध.

"एक आण्णांचं," मी म्हणाले. "दुसरं कुठाय?"

शोध सुरू झाला. चटई झटकली, डबा उपडा केला, केरसुणी बघितली, मोरीत बघितलं. आक्कानं माझ्याबरोबर कपाटाखाली हात घातला. डावा. आण्णा गुडघ्यांवर बसून कोपरे चाचपत होते. दाजी खुर्चीत बसून सगळं बघत होते.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही साहेबाच्या पोरीचा तुकडा करून दिलता न्हवं? ह्यो तर नुसता निळा हाय. कापा की एक."

आण्णा गुडघ्यावरच थांबले. मग म्हणाले, "पातं तुटलंय. हितं मिळत न्हाई तसलं. मुंबईचा माणूस सोमवारी आणतोय."

"सोमवारी," दाजी म्हणाले.

"सोमवारी."

आईनं चूल सारवायला घेतली होती. तिनं वर बघितलं, आण्णांकडं, मग परत चुलीकडं.

त्या संध्याकाळी दाजींचं हसू जरा कमी झालं. आक्का पाणी घेऊन गेली की ते तांब्या लगेच घ्यायचे नाहीत. ती उभी राहायची.

शनिवारी सकाळी आक्का माझ्याकडं फणी घेऊन आली. "विजे, वेणी घाल माझी." मी पायरीवर बसले, ती माझ्या खालच्या पायरीवर. तिचे केस मला कायम हवे असायचे, लांब आणि जाड. आता विंचरताना फणीत पुंजके यायला लागले. मानेवर, केस सुरू होतात तिथं, एक टक्कल पडल्यासारखी जागा होती, रुपयाएवढी.

"हे काय गं?"

"कोंडा झालता."

"तुझं रडगाणं ऐकून तो मास्तर पळून जाईल हां," मी म्हणाले. "उद्या हसऱ्या तोंडानं बस."

"उद्यापतूर असंन का हितं?"

"दाजी तर घेऊन जायला बसलेत."

ती मान न वळवता म्हणाली, "विजे, ते चित्र पुरं झालं न्हाई तर बरं हुईल बघ."

मी तिच्या वेणीला मुद्दाम झटका दिला. मला राग आला होता. आता सांगते, खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला होता. न सांगता आली, गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, "थोरली किती दिवस राहणार?" आणि उद्या सांगलीचे लोक येणार. माहेरी येऊन बसलेली बहीण आणि तिला न्यायला दोन दिवस ताटकळलेला नवरा, असं चित्र त्यांना दाखवायचं होतं का? मला तो मास्तर हवा होता. मला त्या घरातून, त्या फळीपासून, गुळाच्या वासापासून दूर सांगलीला जायचं होतं.

दुपारी तीनच्या सुमारास दाजी म्हणाले, "मामी, चारची यष्टी हाय. हिची बॅग भरा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विजू, आक्काची बॅग भर."

मी आतल्या खोलीत गेले. दोरीवरच्या साड्या काढल्या, घड्या घातल्या. परकराची घडी घालताना नेफ्यात, नाडीच्या बाजूला, काहीतरी टणक लागलं. मी ते बोटांनी नाडीच्या भोकापर्यंत सरकवत आणलं. निळा तुकडा बाहेर पडला.

बाहेर बोलणं चाललं होतं. थोड्या वेळानं मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा दाजी उंबऱ्यावर बसून चपलेत पाय घालत होते. टॉवेल खांद्यावर होता. आण्णा खांबाला टेकून उभे होते. आई आणि आक्का स्वयंपाकघराच्या दारात.

मी मूठ वर केली.

"चोर सापडलाऽ!" मी ओरडले. "नेफ्यात लपवलता बाईसाहेबांनी! आण्णा, तुमच्यापेक्षा सवाई निघाली तुमची लेक!"

आणि मी फळीपाशी जाऊन तुकडा आभाळात ठोकला. खटकन बसला.

कुणी हसलं नाही. आक्कानं दाराची चौकट धरली. आईनं माझ्याकडं बघितलं, मला वाटलं ती कौतुक करेल. दाजींनी चपलेतून पाय काढला, सावकाश, आणि परत आत आले. फळीवर वाकून त्यांनी बघितलं.

"आता एकच राहिलं," ते म्हणाले. "ते तुमच्याकडं हाय न्हवं मामा?"

आण्णांचा हात खिशात होता. मी त्यांना शेकडो वेळा त्या पवित्र्यात बघितलं होतं. या वेळी हात बाहेर येईना. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो वळणावर पोचला तरी हात खिशातच. आक्का आण्णांकडं बघत होती. मला वाटलं आण्णा गंमत करतायत, ताणतायत.

"काढा की आण्णा," मी म्हणाले.

त्यांनी हात काढला. होडीचं टोक बोटांत होतं. ते फळीपाशी आले, बसवलं, पण बोट त्यावरून उचललं नाही. "झालं," म्हणाले. त्यात ती नेहमीची ओढून लांबवलेली हाक नव्हती.

दाजींनी टाळी वाजवली. "सुटला कायदा! चल गं, आवर. यष्टी गाठू."

आक्का दहा मिनिटांत तयार झाली. आईनं तिची ओटी भरली, तांदूळ सांडले, परत भरले. आण्णांनी बॅग उचलली आणि कोपऱ्यापर्यंत गेले. जाताना आक्का माझ्यापाशी थांबली. मला वाटलं आता शिव्या घालेल. तिनं डाव्या हातानं माझ्या गालाला हात लावला.

"उद्या मोरपंखी नेस," ती म्हणाली. "तुला शोभतंय."

रविवारी मी मोरपंखी नेसले. सांगलीचे लोक आले, पोहे खाल्ले, फळीवरचं चित्र बघून मुलाचे वडील म्हणाले, "कलाकार घर आहे." पुरं झालेलं चित्र बघून. आठवड्यात होकार आला.

चाळीस दिवसांनी फौंड्रीत फोन आला. आण्णा कामाच्या कपड्यांतच घरी आले, हाताला लाकडाचा भुसा, आणि दारातून म्हणाले, "शालन विहिरीत पडली."

आम्ही पोचलो तेव्हा तिला बाहेर काढलं होतं. दाजी रडत होते, खरंच रडत होते. त्यांनी सांगितलं, पाणी शेंदताना तोल गेला, हात धड नव्हता तिचा. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. त्यांनी आण्णांना विचारलं, "हात अधू होता का?" आण्णा म्हणाले, "होता." खरंच होता. तिनं उडी घेतली, ढकललं, की एका हातानं भरलेली बादली ओढताना खरोखर तोल गेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. अंघोळ घालताना आईनं आणि मी तिची पाठ बघितली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. बादली लागून बोटं तशी होत नाहीत. आई एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. कुणाला सांगणार होतो आणि काय सांगणार होतो? आम्हीच तिला तांदळाची ओटी भरून पाठवली होती.

घरी आल्यावर आण्णांनी फळीवरचं चित्र मोडलं, डब्यात भरलं. करवत, पाती, सरसाचं भांडं, सगळं हत्यारांच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि पेटी माळ्यावर टाकली. त्यानंतर आमच्या घरात तुकडे लागले नाहीत. माझं लग्न झालं. मास्तर चांगले निघाले, कधी हात उगारला नाही, माझ्यासारखीच्या वाट्याला का कोण जाणे. आण्णांशी मी बोलायचे, पण तोंडदेखलं. बिडाचं आणि साच्याचं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. मी त्यांना दोष दिला आणि माझ्या मुठीतला तुकडा विसरायला बघितलं. गंमत केली होती मी. एकोणीस वर्षांच्या पोरीनं केलेली गंमत.

परवाच्या वैशाखात आण्णा गेले. तेराव्यानंतर माळा आवरताना पेटी खाली काढली. किल्ली सापडेना, कुलूप गंजलेलं, माझ्या मुलानं पक्कडीनं मोडलं. तो बाहेर गेल्यावर मी झाकण उघडलं. आई खाटेवर बसली होती, तिला आता नीट दिसत नाही.

वरच करवत होती. तिच्या चौकटीत पातं ताठ बसलेलं होतं, अखंड. शेजारी कागदात गुंडाळलेली आणखी दहा-बारा पाती, गंजून एकमेकांना चिकटलेली.

मी पात्यावर नख मारलं. टण्ण वाजलं.

"पातं साबूत हाय न्हवं?" आई म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"शुक्रवारी सकाळीच त्यांनी त्या करवतीनं माझ्या पोळपाटाचा पाय सारखा करून दिलता."

मला आठवलं. न डुगडुगणारा पोळपाट.

"मग तू बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? जावयासमोर तुमचं पातं साबूत हाय म्हणू?" ती थांबली. "त्यांचं तोंड उघडत नव्हतं. पोरगी पाठवत न्हाई असं जावयाला म्हणायची छाती नव्हती त्यांच्यात. माझ्यातबी नव्हती. म्हणून पात्यावर ढकललं. सोमवार आला असता, मग मंगळवार आला असता. काहीतरी सुचलं असतं."

पेटीच्या तळाशी एक चिंधी होती. उलगडली. आत होडीचं टोक होतं. चित्र मोडताना आण्णांनी आपला तुकडा काढून ठेवला होता.

मी तो आईच्या हातात दिला. तिनं बोटांनी कडा चाचपल्या आणि तिला कळलं.

"आई," मी म्हणाले, "मी बॅग भरत होते. तूच सांगितलंस भर म्हणून."

"व्हय. जावई ऐकत होता, भर म्हणावंच लागलं." तिनं तुकडा मुठीत धरला. "तो परकर मी शुक्रवारी धुतला होता विजू. नेफ्यातला तुकडा काढून ठेवला, आणि वाळल्यावर परत होता तिथं घातला."

म्हणजे आण्णांना माहीत होतं आणि आईलाही. एकमेकांना न सांगता दोघांनी तिला धरून ठेवलं होतं, त्यांना जमत होतं तेवढ्या ताकदीनं. तिनं स्वतःलाही धरून ठेवलं होतं, एका हातानं.

"तो निघाला होता," आई म्हणाली. "चपला घातल्या होत्या त्यानं. तुझ्या आण्णांनी सोमवारचं पातं लावून धरलं, तेव्हा 'ऱ्हाऊ दे तिला आठवडाभर, मग येतो न्यायला,' असं म्हणाला होता. तू आत होतीस. तुला ऐकू गेलं नसंल."

तिनं मला सवलत दिली होती. तीस वर्षं तिनं असंच मानलं असणार, पोरीला ऐकू गेलं नसेल. मी हो म्हटलं असतं तर ती तसंच मानत राहिली असती.

"गेलं होतं," मी म्हणाले. "सगळं ऐकू गेलं होतं. आठवडाभर राहणार म्हणाले ते मी ऐकलं. तुकडा हातात होता. मला वाटलं रविवारी ती घरात नको. मग मी बाहेर आले."

मी आईच्या तोंडाकडं बघायचं टाळून करवतीकडं बघत राहिले. बाहेरून मुलानं हाक मारली, "आई, पेटीत काही कामाचं आहे का? आणि तो तुकड्यांचा डबा घेऊन जाऊ का घरी? पोरं लावतील."

मी आईकडं बघितलं. तिनं होडीचं टोक साडीच्या कनवटीला खोचलं, वरून पदर ओढला.

"ने म्हणावं," ती म्हणाली. "आणि एक कमी पडला, कुणी विचारलं, तर सापडत न्हाई म्हणून सांग. ह्या वेळी तरी सांग."